एकाचे नऊ

"कागदावर नको, कातडीवर घ्या," दुकानातली बाई म्हणाली आणि काचेच्या काडीने अत्तराचा एक थेंब समोरच्या तरुणीच्या मनगटावर टेकवला. "आणि अर्धा तास थांबा, ताई. खरी गंमत त्यानंतर आहे. मोजक्याच बाटल्या काढल्यात सरांनी."

सर म्हणजे तिचेच सर. सात वर्षं ती त्यांच्या हाताखाली होती, आणि त्यांचं नवं अत्तर तिला दुकानाच्या कपाटात भेटत होतं!

पहिल्यांदा आली ती लवंग. चरचरीत, दाढदुखीच्या औषधासारखी. ती दुकानातच इकडचं तिकडचं बघत थांबली. हळूहळू लवंग निवली, खालून चंदन आणि वाळा वर आले आणि मनगटाला उन्हात वाळलेल्या चादरीसारखा उबदार वास येऊ लागला. हा वास जगात आपल्यालाच ठाऊक आहे, असं ती आजवर समजत होती.

तीन वर्षांपूर्वी सरांच्या वहीतला १ तिने ९ वाचला होता. लवंगेच्या तेलाचा एक थेंब घालायचा, तिने नऊ घातले.

"एकाचे नऊ केलेस! नाक आहे की चेहऱ्यावरची शोभा?" सर सगळ्यांदेखत ओरडले होते.

"सर, माझ्या हातावर सांडलंय ते अर्ध्या तासाने बघा ना. बदलतं ते," ती चाचरत म्हणाली होती. त्यांनी तिच्या हाताकडे ढुंकूनही पाहिलं नाही. बाटली मोरीत ओतायची म्हणून स्वतः उचलून घेऊन गेले. त्या दिवसापासून मिश्रणाच्या टेबलापाशी तिला मज्जाव झाला. चूक आपलीच, म्हणून तीही नाक मुठीत धरून बाटल्या भरत राहिली.

ती तडक कामाच्या खोलीवर आली. दारावर सरांच्या अक्षरातली जुनी पाटी होती : 'सर्दी झालेल्यांनी आत येऊ नये.' एका शिंकेपायी त्यांनी भल्याभल्यांना घरी धाडलं होतं.

सर टेबलाशी बसले होते. तिने मनगट त्यांच्यासमोर धरलं. "सर, यात काय काय आहे, सांगता?"

बाजारात त्यांना सगळे 'नाक'च म्हणत. नुसतं बूच हुंगून तेल किती वर्षांचं ते सांगणारा माणूस. ते वाकले आणि तसेच थबकले. मग त्यांनी सावकाश खिशातून रुमाल काढला.

"काही कळत नाही गं. सर्दी झालीये."

चोरीपेक्षा हे तिला जास्त झोंबलं. दुकानापासून इथवर येताना तिने मनात केवढं भांडण रचलं होतं, आणि शेवटी एवढीच आशा ठेवली होती, की हा माणूस निदान वासाशी खोटं बोलणार नाही.

तिने मागे जाऊन दार सताड उघडलं आणि पाटीवर बोट ठेवलं.

"मग घरी जा, सर."