एकोणचाळिशीची बारा वर्षं

आजोबांचा विषय निघाला की आत्या म्हणायची, "बाबांना लेकींपेक्षा समुद्र प्यारा." म्हणून मी तिला अभिलेखागारात नेलं आणि जुने कागद एकमेकांशेजारी ठेवले. जनगणनेत आजोबांचं वय वाढत होतं; जहाजाच्या नोंदवहीत मात्र ते बारा वर्षं एकोणचाळीसच होतं. "तरुण दिसायची हौस होती वाटतं," आत्या हसली. मी वहीच्या पहिल्या पानावरचा नियम दाखवला: चाळिशी गाठलेल्या खलाशाला कामावर घेऊ नये. बारा वर्षांनंतर आजोबांनी स्वतःच खरं वय लिहिलं, एक्कावन्न, आणि जहाज सोडलं. आत्याने तारीख दोनदा वाचली. "जुलै," ती म्हणाली. "त्याच वर्षी जूनमध्ये मी शिक्षिका झाले. आम्हा चौघी बहिणींत मिळवती व्हायची मीच उरले होते." बराच वेळ तिचं बोट त्या एक्कावन्नावर होतं. "घरी आले तेव्हा मी विचारलं, 'समुद्रालाही नकोसे झालात?' ते नुसते हसले."