शनिवारची शेवटची वेळ

निवृत्त झाल्यापासून बाबा माझ्या दातांच्या दवाखान्यात बसतात. पेशंटना वेळ देणं आणि वहीत नाव टिपणं हे त्यांचं खातं. घरी मी 'बाळ्या', दवाखान्यात मात्र 'डॉक्टर'.

एकदा सकाळी बेसिनपाशी ते म्हणाले, "बाळ्या, ब्रश केला की रक्त येतं रे." मी घाईत होतो. हसून म्हटलं, "घरी पेशंट बघत नाही मी. वहीत नाव लिहा, रीतसर वेळ घ्या." तेही हसले. मग मी ते विसरूनच गेलो.

बारीक ताप महिनाभर हटेना, म्हणून परवा त्यांना हॉस्पिटलात ठेवलं. हृदयाच्या डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. "हिरडीतले जंतू रक्तातून हृदयाच्या झडपेवर जाऊन बसलेत. दाढेखाली पू आहे, बऱ्याच दिवसांचा. अहो, दातांच्या डॉक्टरांना कधी दाखवलं नाहीत?"

"ते काही बोललेच नाहीत," मी म्हणालो. मी काय करतो, हे सांगायला जीभ रेटली नाही.

आज पेशंटना 'येऊ नका' असं कळवायला दवाखाना उघडला आणि वही काढली.

सलग सात शनिवार, शेवटच्या वेळेसमोर बाबांच्या अक्षरात बाबांचंच नाव होतं. प्रत्येक वेळी त्यावर काट मारून पुढे लिहिलं होतं, "डॉक्टर दमलेत. पुढच्या शनिवारी बघू."