जमादाराची हाळी

"जमादाराला बोलवा. माझा भाऊ हाय त्यो," चतुराबाई म्हणाली, आणि गढीसमोरचे लाठीवाले पोट धरून हसले. धनगराच्या बाईचा भाऊ म्हणे निजामसरकारचा जमादार.

तिची मेंढरं त्यांनी वाटेतच अडवली होती. मेंढरं रात्री शेतात बसवली की लेंडीखतानं जमीन पिकते, आणि त्याबद्दल शेतकरी धनगराला ज्वारी देतो. साऱ्या मुलखाची ही रीत. मोहनराव देशमुखाची रीत मात्र निराळी. दिसला कळप की अडवायचा, मन भरेस्तोवर फुकट बसवून घ्यायचा आणि वर लाठी दाखवायची. गेल्या साली ह्या वेठीत चाऱ्यावाचून चतुराबाईची कोकरं मेली होती. औंदा पुन्हा तेच म्हटल्यावर तिच्या अंगाचा नुसता भडका उडाला.

पण औंदा धुळाजी होता. तिचा धाकटा भाऊ. आई गेल्यावर तिनंच त्याला पाठीशी बांधून मेंढरांमागं हिंडवलेलं. तो इथल्या नाक्यावर जमादार होऊन आल्याचं तिला बाजारात कळलं होतं. तो इथं धुळाजीराव होता, खानदानी मराठा म्हणून देशमुखाच्या पंगतीला बसत होता, हे मात्र तिला कुणी सांगितलं नव्हतं.

गलका ऐकून मोहनराव बाहेर आला. मागोमाग पान चघळत जमादार.

"ही बाई तुम्हाला भाऊ म्हणते, जमादारसाहेब."

धुळाजीनं तिच्याकडं धड पाहिलंसुद्धा नाही. "कोण आहे ही? मी ओळखत नाही हिला."

चतुराबाईच्या ओठावर शिवी आली. पण दोघांनी तिचे दंड धरले, आणि बंकट नावाचा लाठीवाला कळपात घुसला. त्या मूर्खाला मेंढरं काय ठाऊक. तो ओरडला, लाठी आपटली, आणि कळप उधळला तो थेट बिनकठड्याच्या विहिरीकडं. पुढची मेंढी काठाशी पोचली.

तेवढ्यात हाळी आली. घशातून ओढलेली, शेवटाला वर चढणारी. दोघा भावंडांच्या बापाची, मेंढरं वळवायची हाळी. चतुराबाईनं तोंड उघडलं नव्हतं. ती जमादाराच्या तोंडून निघाली होती.

कळप गर्रकन वळला आणि धुळाजीच्या पायाशी येऊन गोळा झाला. मेंढरं त्याच्या पोशाखाला अंग घासू लागली.

मोहनराव पचकन थुंकला. "असं हाय व्हय. बे धुळ्या, मग तूच घाल मेंढरं वावरात."

धुळाजीच्या कमरेला सरकारचा पट्टा होता, बाजूला तलवार होती. एक शब्द सुनावला असता तरी देशमुखाला मागं सरावं लागलं असतं. चतुराबाई त्या शब्दाची वाट बघत राहिली. मघाचं सगळं ती तिथल्या तिथं गिळायला तयार होती.

"जी मालक," धुळाजी म्हणाला, आणि मान खाली घालून मेंढरं हाकू लागला.

लाठीवाले खदखदून हसले. हसता हसता त्यांचे हात सैल पडले. चतुराबाईनं हिसडा मारला, वाटेवर जाऊन उभी राहिली आणि तीच हाळी दिली. वावरात शिरलेला कळप माघारी फिरला. लाठीवाल्यांच्या तंगड्यांमधून, बंकटला आडवा पाडून, सगळी मेंढरं तिच्याकडं धावली.

"धुळ्या, अडव तुझ्या बहिणीला," मोहनराव गरजला.

धुळाजी धापा टाकत तिच्यापुढं आला. "आक्का, थांब. माझं जरा ऐक."

चतुराबाईनं त्याला पागोट्यापासून बुटापर्यंत बघून घेतलं. मग त्याच्या डोक्यावरून देशमुखाला म्हणाली,

"ह्यो माणूस मघाशी खरं बोलला, देशमुख. आमची वळख न्हाई."