पठार कुणाला द्यायचं

एसटीनं नसरापूर सोडलं की रत्ना पुस्तक उघडायची आणि मार्गासनी यायच्या आत तिचे डोळे मिटायचे. आज ‘खेळतं भांडवल’ या शब्दापाशी ती तिसऱ्यांदा अडली होती.

दिवसभर हार्डवेअरच्या दुकानात बिलं करायची, वेल्ह्याला उतरून पठारावरच्या वाडीपर्यंत चढायचं, भाकऱ्या थापायच्या आणि मग सासऱ्यांना कंपन्यांची तब्येत सांगायची. भोरच्या कॉलेजात बी.कॉम. झालेली वाडीत ती एकटी, म्हणून हे काम तिच्या गळ्यात पडलं. कॉलेजात तिनं ताळेबंद नुसते जुळवले होते. ते वाचायचेही असतात, हे नवशिक्यांसाठीच्या या पुस्तकानं तिला पहिल्यांदा सांगितलं.

भानगड सरळ होती. वाडीच्या सामाईक पठारावर दोन सोलर कंपन्यांचा डोळा होता. एक मुंबईची, एक सुरतेची. सासरे, सावळाआबा, एकटेच नको म्हणत होते. पठार गेलं की मेंढरं विकावी लागणार, आणि मेंढरांशिवाय जगायचं कसं हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. पण बैठकीत ते हरले. बाकीच्या घरांनी पठार भाड्यानं द्यायचं ठरवलं, आणि म्हाताऱ्याला वाईट वाटू नये म्हणून ‘कुणाला द्यायचं ते आबा सांगतील’ एवढं त्यांच्याकडं ठेवलं. मान द्यायला कुणाच्या पदरचं काही जात नव्हतं.

सगळ्यात घाई रत्नाच्या दिराला, पप्पूला. भाडं यायच्या आधीच त्यानं टेम्पोचा रंग ठरवून ठेवला होता.

‘वयनी, झाली का तपासणी? पेशंट दगावंल तवर,’ तो ओट्यावरनं म्हणाला.

‘तुमी टेम्पो धुवायला लागा, भावजी.’

‘आजून घेतला कुठं?’

‘मग मलाबी आजून उमगलं न्हाई. बसा गप.’

सावळाआबा दाराशी एका मेंढीची खालची पापणी ओढून बघत होते. आत लाली नसली तर मेंढी बाहेरून कितीही गुबगुबीत दिसो, आतून ती संपत आलेली असते. मेंढी सोडून ते म्हणाले, ‘हां, सांग सूनबाई.’

दुकानातल्या प्रिंटरवर छापून आणलेले दोन्ही अहवाल रत्नानं पसरले.

‘मुंबईची धडधाकट हाय, मामंजी. जेवढा नफा दावतीय, तेवढी रोकडबी येतीय. कर्ज हाय, पण सावकाश फेडायचं.’

‘आन् सुरतेची?’

‘तिचा नफा जास्त दिसतोय. पण तो नुसता कागदावर. लोकांकडनं यायचाय, आलेला न्हाई. वरनं जुनं कर्ज फेडाया नवं काढलंय.’

‘म्हंजी शेजाऱ्याच्या दावणीचा चारा.’

‘तसंच म्हणा.’

‘किती दिस काढंल?’

‘असं पुस्तकात नसतंय.’

‘पुस्तकाला कोण इचारतंय. तुला इचारतोय.’

रत्नानं जांभई दाबली. ‘दीड-दोन वर्सं. त्याच्या म्होरं न्हाई.’

‘परत एकदा बघ. चूक व्हाया नको.’

तिनं परत बघितलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा, तिसऱ्या दिवशीही. आकडे तेच होते, फक्त तिची पाठ जास्त दुखत होती. तिला म्हाताऱ्याची दया आली. पठार तर गेलंच, निदान भाडं तरी बुडू नये, एवढ्यासाठी बिचारे किती धडपडतायत.

रविवारी देवळापुढं दोन्ही कंपन्यांची माणसं आली. सुरतेचा भाव मुंबईपेक्षा सवाईनं जास्त होता. सगळी वाडी सतरंजीवर दाटून बसली.

‘सुरत,’ सावळाआबा म्हणाले.

लोक खूश झाले. म्हाताऱ्याला शेवटी पैसा कळला, असं पप्पू शेजाऱ्याच्या कानात म्हणाला, तेही सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या हळू. मुंबईवाल्यानं बॅग उचलली. किकवीकडं दुसरी जागा बघून ठेवलीय, तिथंच करार करतो, असं सांगून तो गाडीत बसला.

आपलंच समजावणं कमी पडलं, असं रत्नाला वाटलं. ती बायकांतून उठून पुढं आली.

‘मामंजी, चुकताय तुमी. म्या सांगितलं ते उलटं ध्यानात ऱ्हायलं तुमच्या.’

‘बस, पोरी. लई दमलीस.’

सुरतेच्या माणसानं घाईघाईनं कागद पुढं केले. ‘आबा, तुमची काही अट असली तर सांगा. आपण सगळं मान्य करू.’

‘एकच लिवा,’ सावळाआबा म्हणाले. ‘दोन वर्सांत हितली वीज तारंतनं खाली न्हाई गेली, तर करार मोडला आन् पठार मेंढरांचं.’