रकाना चौदावा

सासऱ्याने पाना हाणला तो थेट जावयाच्या कपाळावर. जावई खुर्चीसकट आडवा झाला. पंपघरातला आरडाओरडा एकदम थांबला.

जावई दुष्काळाची जोखीम तपासायला आलेला सरकारी माणूस. सासरा वस्तीचा पंप चालवणारा. विहिरीत नऊ दिवसांचं पाणी उरलं होतं. टँकर मिळायला साठ गुण हवे होते आणि जावयाच्या तक्त्यात भरत होते पंचावन्न. वर्षाचा पाऊस दोनच दिवसांत कोसळून वाहून गेला होता, पण सरासरीत चोख बसला होता. अशा सरासरीला काय जाळायचंय!

"पाच गुणांसाठी अडलंय. टाका की कुठेतरी," सासरा सकाळपासून विनवत होता.

"जे आहे तेच लिहीन, बाबा. खोटं लिहिणार नाही."

असा सरळ जावई मिळाला म्हणून हाच सासरा दहा वर्षं वस्तीभर मिरवत आला होता.

दुपारी दगड सुरू झाले. खिडकीची काच फुटली. जावयाची मोटारसायकल पेटली. दार तोडून माणसं आत घुसली, "घ्या, ठेचा याला" म्हणू लागली, तरी हा पठ्ठ्या पंचावन्नच म्हणाला. तिथे सासऱ्याचा तोल गेला.

आता त्यानेच जावयाला उठवून भिंतीशी बसवलं. "पोरीला काय तोंड दाखवू मी?"

जावयाने डोळ्यात उतरलेलं रक्त बाहीने पुसलं आणि जमिनीवरचा तक्ता ओढून घेतला. चौदावा रकाना: पाण्यावरून हाणामारी, गुण पाच. आमच्याकडे असलं काही होत नाही, असं सकाळी सगळ्यांनी छाती फुगवून सांगितलं होतं. त्याने 'नाही' खोडलं आणि 'आहे' लिहिलं.

"म्हणजे वाढले पाच?" सासऱ्याने विचारलं.

"नाही. जखमी निदान दोन लागतात. इथे मी एकटाच."

"मग लिहा की दोन!" दारातून कुणीतरी ओरडलं. "कोण मोजायला येतंय?"

जावयाने नकारार्थी मान हलवली. पेन खाली ठेवलं.

सासऱ्याने चष्मा काढून खिशात ठेवला. जमिनीवरचा पाना उचलून जावयाच्या हातात दिला आणि त्याच्यासमोर गुडघे टेकून बसला.

"मारा, जावईबापू," तो म्हणाला. "खोटं कशाला लिहायचं?"