दोन अँटेनांमधलं अंतर

आई आणि मावशी लग्नाहून आल्या की मृण्मयीला एकच बातमी दोनदा ऐकावी लागे.

"एकमेकींना चिकटून बसू नका," ती शेवटी वैतागून म्हणाली. "आमच्या ऑफिसातल्या इवल्याशा रिसीव्हरमध्येही दोन अँटेना जवळ लावल्या की दोन्ही तेच ते ऐकतात. जरा लांब लावल्या की दुप्पट माहिती मिळते."

पुढच्या लग्नात आई स्टेजसमोर बसली आणि मावशी मसाला दुधाच्या काउंटरपाशी.

"कारखानीसांच्या निनादचं म्हणे त्याच्या ऑफिसातल्या मुलीशी जमलंय," घरी आल्यावर आई म्हणाली.

"ती मुलगी म्हणे दिवसभर अँटेना जोडत बसते," मावशी म्हणाली.

दोघींनी एकदमच मृण्मयीकडे पाहिलं.

"यापुढे शेजारीशेजारीच बसत जा," ती पुटपुटली.

"बसू की," आई म्हणाली. "तुझ्या लग्नात."