बारावा निरंक

"चौथ्यांदा पट्टी? पान्हेकाका, अहो दुकान काढताय की काय?"

नर्सबाईंनी कपाट उघडलंच नाही. हातपंप दुरुस्त करणारा पान्हेकाका दारातच टोपी चुरगाळत उभा राहिला.

"पाय ठणकतोय, ताई."

"दाखवा."

त्याने दोन्ही पाय पुढे केले. गेल्या वर्षीचा वण सोडला तर कातडी स्वच्छ होती. मग ठणकतंय कुणाचं?

नर्सबाईंच्या टेबलावर महिन्याचा तक्ता पडला होता. अकरा महिने त्यांनी 'नारू : निरंक', म्हणजे एकही रोगी नाही, असं लिहून तो वर पाठवला होता. आजचा बारावा गेला की वस्ती नारूमुक्त. बावीस वर्षं त्या दारोदार एकच सांगत आल्या होत्या, की नारूच्या जंताला राहायला माणूसच लागतो. माणसांनी पाणी गाळून प्यायलं की त्याचा वंश बुडाला. लोकांनी ऐकलंही. गेल्या वर्षी पायातून दोऱ्यासारखा जंत निघताना आग सोसेना म्हणून तळ्यात पाय बुडवून बसला आणि त्याच्या अळ्या पाण्यात सोडल्या, तो एकटा पान्हेकाका. तोच शेवटचा रोगी.

देवाचं नाव घेऊन त्या उठल्या आणि त्याच्या मागोमाग थेट घरी गेल्या.

त्याची बहीण ओट्यावर धान्य निवडत होती. विचारायच्या आधीच तिने पाय पसरले.

"बघा बाई, भेगांशिवाय काही निघालं तर नाव बदलेन! दादालाच विचारा. रोज दुधाची वाटी घेऊन अवजारांच्या खोलीत जातो नि आतून कडी लावतो. मला फिरकू देत नाही."

खोलीला कुलूप होतं. आत कुणीतरी बारीक कण्हत होतं.

"परगावचं कुणी लपवलंय ना, काका? उघडा."

"रागावू नका त्याच्यावर." पान्हेकाका कुलपाआड उभा राहिला. "तळं मी नासवलं, भोगतंय ते. तुम्ही मला शिकवलं होतं तसंच रोज थोडंथोडं काढतोय. पण पाणी गाळून पी, पाय तळ्यात घालू नकोस, हे त्याला कोण सांगणार?"

"मी सांगेन," नर्सबाई मऊपणे म्हणाल्या. निरंक गेला तर गेला. "एकच रोगी आहे, सांभाळला की संपलं. माझा शब्द या वस्तीत आजवर कुणी मोडलाय?"

त्याने कुलूप काढलं. गोणपाटावर, तोंडाला दवाखान्याची पट्टी बांधलेला एक कोल्हा पडला होता, आणि त्याच्या मागच्या पायातून निघालेला पांढरा दोरा आगकाडीला नीट गुंडाळलेला होता.